पृथ्वी हलणारच, प्रश्न घराचा आहे

जगात कुठे मोठा भूकंप झाला की दोन-चार दिवसांत मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. या भूकंपाने म्हणे पृथ्वीचा आस सरकला आणि आपला दिवस लहान झाला. वाचणारा चकित होतो, दहा जणांना पाठवतो आणि विसरून जातो. या संदेशात तथ्य आहे का? आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेच्या 'नासा'मधील शास्त्रज्ञांनी तसे गणितच मांडले होते. दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला असावा आणि पृथ्वीचे वस्तुमान ज्या आसाभोवती तोललेले आहे तो आस सुमारे १७ सेंटिमीटरने सरकला असावा, असे ते गणित सांगत होते. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात छातीशी घेतले की खुर्ची जरा जास्त वेगाने फिरते, तसाच हा प्रकार. भूकंपात खडकांचे काही वस्तुमान पृथ्वीच्या केंद्राच्या किंचित जवळ गेले आणि पृथ्वीची गिरकी तेवढी जलद झाली.

मात्र १.८ मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोनही नाहीत. वारे आणि समुद्रप्रवाह यांच्यामुळे वर्षभरात दिवसाची लांबी याच्या शेकडो पटींनी कमी-जास्त होत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पृथ्वीच्या दृष्टीने इतका मोठा भूकंपही अंगावरून माशी हाकलावी तितकाच. म्हणूनच भूकंपांविषयीच्या नवलाईच्या गोष्टी वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा, असे मला वाटते. ग्रहाला ज्याचे काही वाटत नाही, त्याने माणसे इतकी का मरतात?

आधी ग्रहाचे पाहू, कारण तेही जाणून घेण्यासारखे आहे. आपण ज्या भूपट्टावर राहतो तो वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आहे आणि आशियाच्या भूपट्टाला रेटतो आहे. हा रेटा खडकांत साठत जातो. खडकाला तो पेलवेनासा झाला की जुन्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सटकतात. शेकडो वर्षांचे सरकणे मग मिनिटभरात उरकले जाते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये हेच झाले. काठमांडू खोऱ्याची जमीन काही सेकंदांत सुमारे एक मीटर वर उचलली गेली. हिमालय असाच, एकेका धक्क्याने घडत आला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भेग फुटली ती थेट अंदमानपर्यंत, सुमारे १,३०० किलोमीटर उलत गेली. त्यात अंदमान बेटांचा उत्तरेकडील भाग वर आला आणि निकोबार खचले. भारताचे सर्वांत दक्षिणेचे टोक असलेला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खाली गेला. तिथल्या दीपस्तंभाच्या पायाशी आज समुद्र आहे. २०११ मध्ये जपानच्या किनाऱ्यावरील काही भाग पूर्वेकडे पाच मीटरहून अधिक सरकले. नकाशे नव्याने काढावे लागतात, ते असे.

भूकंपांचे आपल्यावर एक उपकारही आहेत. पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे हे आपल्याला कळले, ते भूकंपाच्या लहरींमुळेच. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. पुढे दूरदेशीच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींमध्ये पहिल्या वेगवान लहरी, त्यामागून येणाऱ्या संथ लहरी आणि पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरी असे तीन प्रकार त्यांनी वेगळे ओळखले. १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे, याचा पुरावा त्यांनी या लहरींच्याच आधारे मांडला. दुसऱ्या प्रकारच्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेला आहे हे पुढे स्पष्ट झाले. त्याच्याही आत घन गाभा आहे, हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी दाखवून दिले. होकायंत्राची सुई ज्या चुंबकीय क्षेत्रामुळे वळते, ते या वितळलेल्या लोखंडी थरातून निर्माण होते. हजारो किलोमीटर खोलीवरचे हे ज्ञान एकही खड्डा न खणता मिळाले.

आता माणसांचे. भूकंपाची बातमी आली की आपली नजर आधी आकड्यावर जाते. हा आकडा म्हणजे परिमाण. उगमापाशी किती ऊर्जा सुटली, एवढेच तो सांगतो. त्यात एकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पटींची वाढ, आणि दोनाची वाढ म्हणजे हजार पटींची. पण आपल्या अंगणात किती हादरे बसतील, हे एकट्या परिमाणावर ठरत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल वाजवणाऱ्याने टिपरू किती जोरात हाणले, ते झाले परिमाण. आपल्या घरातली भांडी किती वाजली, ती तीव्रता. ढोल एकच असतो. दाराशी असलेल्याच्या छातीत धडधडते, चार गल्ल्या पलीकडच्याला नुसती चाहूल लागते. जमीन भुसभुशीत असेल तर हादरे वाढतात, भूकंपाचा उगम उथळ असेल तरी वाढतात. आणि एवढे सगळे झाल्यावरही माणूस जगेल की मरेल, हे त्याच्या डोक्यावरचे छत ठरवते.

यासाठी दोन भूकंप शेजारी ठेवून पाहावेत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे गणपती विसर्जित करून झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. मृतांचा सरकारी आकडा सुमारे ८ हजार, तर इतर अंदाज १० हजारांच्या घरात जातात. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. वेळ तीही पहाटेचीच, साडेचारच्या सुमाराची. परिमाण ६.७, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या पाच पटींहून जास्त. लक्षावधी लोकांच्या महानगराखाली तो झाला आणि मृत्यू झाले ६० च्या आसपास.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७ परिमाणाचा भूकंप झाला, त्यात एक लाखाहून अधिक माणसे गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ परिमाणाचा, ऊर्जेने सुमारे ५०० पट मोठा भूकंप झाला. तिथे मृतांची संख्या साडेपाचशेच्या आत राहिली. चिलीने १९६० मध्ये ९.५ परिमाणाचा, आजवर यंत्रांवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता आणि त्यातून बांधकामाचे नियम कडक केले होते. २०११ च्या जपानमध्ये १८ हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू बुडून झाले. एवढ्या प्रचंड हादऱ्यातही बहुतांश इमारती उभ्या राहिल्या होत्या. जीव घेतले ते पाण्याने.

मग किल्लारीत नेमके काय पडले? तिथल्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगडाच्या आणि चिखलात रचलेल्या होत्या. बाहेरून भक्कम दिसणारी अशी भिंत म्हणजे खरे तर दोन पातळ भिंती. एक आतून, एक बाहेरून, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड फारसा कुठे नव्हता. वर माळवदाचे छत. ऊन लागू नये, पाऊस गळू नये म्हणून त्या छतावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेली. दहा बाय दहाची खोली आणि वर दीड फूट माती धरली, तर झोपलेल्या माणसांवर साडेसहा-सात टन वजन तोललेले असते. जमीन आडवी हलली, भिंतींचे दोन पदर सुटले आणि छत खाली आले. जिथे लाकडी खांब आणि तुळयांचे खण पक्के होते, तिथल्या काही घरांत भिंती ढासळल्या, तरी छत खांबांवर तगून राहिले. म्हणजे उत्तर त्याच गावात, त्याच सुतारकामात होते.

आरोग्याच्या अंगानेही हा फरक समजून घ्यायला हवा. मातीचे घर कोसळते तेव्हा आत पोकळी उरत नाही. उरलीच तर ती धुळीने भरते आणि माणूस गुदमरतो. जो वाचतो त्याच्यापुढे दुसरे संकट असते. हात किंवा पाय तासन्‌तास दबून राहिला की स्नायू मरतात. वजन उचलले जाताच त्या मेलेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात मिसळतात. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामुळे ढिगाऱ्याखालून काढलेला माणूस बोलतो-चालतो आहे म्हणून त्याला घरी पाठवणे धोक्याचे आहे. लघवी कमी होणे किंवा चहासारखी गडद होणे, ही धोक्याची खूण. वेळेवर सलाइन मिळाले तर यातले बरेच जीव वाचतात. शक्य असेल तर ते माणूस ढिगाऱ्यात असतानाच सुरू करतात. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण इतके होते की, त्यानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीच्या जागी डायलिसिसची मदत पोहोचवण्यासाठी खास पथक उभारले. धसक्याचाही परिणाम होतो. नॉर्थरिजच्या भूकंपाच्या दिवशी त्या परिसरात हृदयविकाराने अचानक झालेले मृत्यू रोजच्या सरासरी ४.६ वरून २४ वर गेले होते. जिल्हा रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात डायलिसिस, सलाइनचा साठा आणि हृदयरुग्णांची सोय यांचा विचार आहे का, हे विचारायला भूकंपाची वाट पाहू नये.

आपण विचारतो मात्र भलतेच. हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ परिमाणाचे धक्के बसले. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या अखेरीपासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक थंडीत उघड्यावर झोपले. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न असतो. मोठा भूकंप कधी येणार? याचे प्रामाणिक उत्तर असे की तारीख, वेळ आणि ठिकाण आज जगात कोणीही सांगू शकत नाही. १९७५ मध्ये चीनमधील हायचेंगला आधीच्या लहान धक्क्यांवरून लोकांना घराबाहेर काढले आणि थोड्याच वेळात खरोखर भूकंप झाला. जगाला वाटले, युक्ती सापडली. पुढच्याच वर्षी तांगशानला कोणतीही सूचना न देता भूकंप आला. त्यात सरकारी आकड्यानुसारच २ लाख ४० हजारांहून अधिक माणसे गेली.

नकाशाही पूर्ण भरवशाचा नसतो. १९९३ मध्ये किल्लारी देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. २००२ च्या नव्या नकाशात तो पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्या विभागात गेला. कोयनेची गोष्टही अशीच. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. १९६२ पासून शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, १८० च्या आसपास माणसे गेली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे पडले. जमिनीतली भेग आधीपासूनच ताणलेली होती. पाण्याचा भार आणि खडकांच्या फटींत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी तिला शेवटचा धक्का दिला. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे हे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. तिथल्या भेगेच्या अभ्यासासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर खणले गेले. हे संशोधन मोलाचे आहे आणि ते चालू राहायलाच हवे. पण त्यातून उद्याची तारीख मिळेल, या आशेवर घराची डागडुजी लांबवू नये.

कोणी म्हणेल, आता माळवदे गेली, सगळीकडे सिमेंटची घरे झाली, मग काळजी कसली? काळजी आहे. किल्लारीनंतर ५२ गावे नव्याने वसली, इतरत्र लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती झाली, आणि त्या मोठ्या कामाचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्यातून लोकांच्या मनात एक अर्धवट धडा रुजला. दगड वाईट, सिमेंट चांगले. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने तो खोटा ठरवला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. हादऱ्याचा सगळा ताण त्या कॉलमवर आला आणि ते मोडले. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आपण अशाच इमारतींच्या सावलीत गाड्या लावतो.

कॉलम मोडतो की वाकून तग धरतो, हे त्यातल्या रिंगा ठरवतात. उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या या रिंगा जवळ-जवळ हव्यात आणि त्यांची टोके आतल्या काँक्रीटमध्ये नीट वळवलेली हवीत. टोक नुसते काटकोनात मुडपले तर हादऱ्यात रिंग उघडते आणि सळ्या बाहेर फुगतात. हे काम सळ्या बांधणाऱ्या कारागिराच्या हातात असते. त्याला खर्च फार नाही, पण लक्ष द्यावे लागते. एकदा काँक्रीट ओतले की ते कोणालाच दिसत नाही. घर बांधताना आपण टाइल्सचा रंग निवडायला चार चकरा मारतो. रिंगा पाहायला एकदाही जात नाही.

दिसत नाही म्हणून विसरले जाते आणि विसरले की माफही केले जाते. तुर्कस्तानात २०१८ मध्ये शुल्क घेऊन बेकायदा बांधकामे नियमित करण्याची योजना आली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत त्या देशात ५० हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा या माफीवर तिथे तीव्र टीका झाली. आपल्याकडे गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० च्या अखेरीपर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. आयुष्याची कमाई घालून घर बांधलेल्या माणसाला बेघर करावे, असे कोणी म्हणणार नाही. पण शुल्क भरल्याने कागद नियमित होतो, कॉलम होत नाही. नियमित करताना इमारतीच्या मजबुतीची जागेवर जाऊन तपासणी व्हावी, कमकुवत घरासाठी त्याच शुल्कातून दुरुस्तीला साहाय्य मिळावे. सरकारकडे मागायचे ते हे.

सोसायट्यांनीही स्वतःला विचारावे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते दाखल्यापुरते उरकायचे की तळमजल्याचे कॉलम, गंजलेल्या सळ्या आणि गच्चीवरच्या टाक्या खरोखर तपासून घ्यायच्या, हे सभासदांच्या हातात आहे. पार्किंगच्या मजल्यावर योग्य जागी भिंती किंवा लोखंडी तिरके आधार घालून मजबुती वाढवता येते, फक्त ते अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे. गावात दगडी घर असेल तर माळवदावरची जास्तीची माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे आणि घराला लिंटेलच्या उंचीवर चहूबाजूंनी पट्टा बांधणे, एवढ्यानेही जीव वाचतात. आणि आज संध्याकाळीच करता येईल असे एक काम म्हणजे पलंगाजवळचे उंच कपाट क्लॅम्पने भिंतीला पक्के करणे आणि उशाच्या वरच्या फळीवरचे जड सामान खाली उतरवणे.

जगात दरवर्षी ६ ते ७ परिमाणाचे शंभराहून अधिक भूकंप होतात. त्यांतले बहुतेक समुद्राखाली किंवा निर्जन भागात होतात, म्हणून त्यांची बातमीही होत नाही. किल्लारीचा भूकंप याच मापाचा होता, आणि तशाच मापाचा पुढचा भूकंप कुठल्या गावाखाली होईल हे माहीत नाही. दिवस किती मायक्रोसेकंदांनी लहान झाला, हा संदेश पुढे पाठवायला हरकत नाही. त्याखाली एक ओळ जोडावी, 'आपल्या इमारतीचे ऑडिट शेवटचे कधी झाले?' आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा.